भित्र्या बायकांची जिजी

जिजीच्या दाराबाहेर कायम पुरुषी चपलांचा एक जोड पडलेला असे. चांगल्या थोराड पावलांच्या चपला, टाचेकडे झिजलेल्या. घरात मात्र पुरुष एकही नव्हता. सकाळी उठली की तोंड धुवायच्या आधी जिजी त्या चपला हलवायची. काल भिंतीला टेकलेल्या, तर आज पायरीवर. एखाद्या दिवशी एक सरळ आणि एक उलटी, माणूस घाईघाईत आत गेल्यासारखी. नळाजवळचा चिखल बोटावर घेऊन चपलांच्या तळांना लावायची. मी समोर राहणारी, गॅलरीतून हे रोज बघायची. शेवटी न राहवून एकदा विचारलं, "जिजी, कुणाच्या हो या चपला?"

"भ्यावन्या," ती म्हणाली. म्हणजे भीतीच्या. आणि आत निघून गेली.

आमची ओळख झाली ती अशी. मी मूळची परभणीची. नवरा बांधकामावर सुपरवायझर म्हणून सुरतेला आला, त्याच्यामागे मी आले, आणि महापालिकेच्या मराठी शाळेत चिकटले. बमरोलीच्या आमच्या गल्लीत लूमचा खडखडाट अखंड चालू असतो. नव्या माणसाची त्या आवाजाने झोप उडते आणि जुन्या माणसाची तो बंद पडला की उडते. मी तेव्हा नवीच होते. अहिराणी मला अर्धी कळायची, उरलेली अर्धी जिजीच्या चेहऱ्यावरून कळायची.

जिजी राहायची त्या दोन खोल्या खानदेशी मंडळाने भाड्याने घेतलेल्या होत्या. मंडळाचा कानबाईचा उत्सव वर्षातून एकदा, श्रावणात. बाकी वर्षभर तिथं मोठाली पातेली, सतरंज्या आणि उंदीर. जिजीचा नवरा गेला तेव्हा मंडळाने तिला तिथं राहायला सांगितलं, तेवढीच पातेल्यांवर नजर राहील म्हणून. मग एक दिवस कुठलीशी बाई डोकं फुटलेल्या अवस्थेत दारात येऊन बसली. सकाळी जाते म्हणाली आणि दिवाळीपर्यंत राहिली. तिच्यामागून दुसरी आली. मंडळात आधी कुरकुर झाली, मग मीटिंग झाली आणि ठरलं की एवढी पातेली आहेत, तर त्यांत रोज काही शिजलेलं बरं. पाटी लावली नाही, नारळ फोडला नाही, पाहुण्यांना बोलावून फोटोही काढले नाहीत. कुणी डाळ-तांदूळ आणून टाकायचं. कुणी साड्यांवर खडे चिकटवायचं काम मिळवून द्यायचं. एक वकीलबाई मधूनमधून येऊन कोर्टाचं बघायच्या. जिजीचा दीर नामदेवभाऊ मंडळाचा सेक्रेटरी, धंदा रिक्षाचा. तो कुणाला दवाखान्यात, कुणाला पोलीस चौकीत नेऊन आणायचा. मी शाळा सुटल्यावर जाऊन बायकांना सही करायला आणि गुजराती पाट्या वाचायला शिकवायची. जिजी मला 'मास्तरीन' म्हणायची, आणि मला ते मॅडमपेक्षा आवडायचं.

अशा कामाला वाघीणच लागते, असं आपलं एक मत असतं. जिजी वाघीण नव्हती. ती भित्री होती. मी पालीला भिते, पण जिजी माझ्याहून भित्री. कुकरची शिट्टी झाली तरी तिचा हात छातीवर जायचा. दार वाजलं की आधी तोंडाला पदर, मग आवाज घोगरा करून "कोन शे?" अंगाने किडकिडीत, नाकात मोठी फुली, आणि हात सतत थरथरणारे. त्या हातांनी ती भाकरी मात्र अशी गोल थापायची, की मी नुसती बघत बसायची.

संस्थांच्या शिकल्यासवरल्या बायका कधीमधी भेट द्यायला यायच्या. त्या नव्या आलेल्या बाईच्या पाठीवर हात ठेवून म्हणायच्या, "घाबरू नका, आम्ही आहोत ना." त्या गेल्या की जिजी त्या बाईपुढे ताट ठेवायची आणि म्हणायची, "भ्याव वाटस ना? वाटू दे. पहिले जेवी ले, मंग काय भ्यावानं ते भी ले." आधी जेव, मग काय भ्यायचं ते भी. मी तिला म्हटलं होतं, "अहो जिजी, धीर द्यायचा सोडून तुम्ही भ्यायला काय सांगता?" तर म्हणाली, "ज्या दिवशी भ्याव सरनं, त्या दिवशी ती दार उघडं टाकाव." भीती संपली की दार उघडं राहील. तिचं सगळं शास्त्र एवढंच होतं.

दार उघडं राहू नये म्हणून तिच्या नाना युक्त्या. दोरीवर कायम एक पँट वाळत असायची. घरातल्या कुठल्याही बाईचं नाव बाहेर उच्चारायचं नाही. दूधवाल्यासमोर, घरमालकासमोर, सगळ्या जणी 'आमनी पुष्पा'. गावाकडून आलेली पुष्पा. ही पुष्पा जायची, दुसरी पुष्पा यायची. एकदा घरमालक, मोठा हिशेबी गुजराती माणूस, मला जिन्यात थांबवून म्हणाला, "बेन, तुम्हारे देश में लडकी का दूसरा नाम नहीं रखते क्या?" मी हसले. जिजीला सांगितलं, तर ती हसली नाही. तिचा चेहरा पांढरा पडला. "त्याना ध्यानमा उनं म्हनजे आखो कोना तरी ध्यानमा येई," म्हणाली, म्हणजे त्याच्या ध्यानात आलं तर आणखी कुणाच्या तरी येईल, आणि दुसऱ्या दिवसापासून एका पुष्पाची रंजना झाली.

वैशाली आली ती होळीच्या सुमाराला. शिरपूरकडची पोर, वय असेल बावीस-तेवीस. लग्न होऊन सुरतेतल्याच लिंबायतमध्ये आलेली. नवरा एका डाईंग मिलमध्ये कामाला. मारायचा, पण लोकांना दिसेल असा नाही. तिच्या पाठीवर इस्त्रीचा कोपरा उमटला होता. पळून माहेरी गेली तर बापाने समजूत घालून परत आणून सोडली, आणि त्यानंतर जे झालं ते तिने आम्हाला कधी सांगितलं नाही. वकीलबाईंनी अर्ज दिला, चौकीत तक्रार झाली, तारखा पडू लागल्या. नवऱ्याने चौकीत हात जोडून सांगितलं, "साहेब, घरचं माणूस आहे, मी शोधून नेईन." त्या 'शोधून नेईन'चा अर्थ वैशालीला पक्का ठाऊक होता. ती बोलायची ते कुजबुजत. मी फळ्यावर अक्षर काढून म्हणायची, "मोठ्यानं वाच," तर ती आधी दाराकडे बघायची.

जिजी नव्या बाईला पहिले दिवस काहीच काम सांगत नसे. नुसतं झोपू द्यायची. मग एक दिवस तिला कोथिंबीर आणायला धाडायची. गल्लीच्या तोंडाशी भाजीची गाडी, तिथपर्यंत एकटीने जायचं आणि परत यायचं. हीच तिची पहिली परीक्षा. स्वतः जिजी रस्त्याच्या पलीकडच्या बाजूने, डोक्यावरून पदर घेऊन, भिंतीला चिकटून मागे मागे. वैशाली निघाली त्या दिवशी मी गॅलरीत होते. पोर अर्ध्या वाटेत पोचली आणि मागून कुणाची तरी मोटरसायकल आली. वैशाली जागच्या जागी थिजली, मग मटकन खाली बसली. मी पळत खाली उतरले. बघते तर पलीकडे जिजीसुद्धा कारखान्याच्या पायरीवर बसलेली, डोळे मिटून, थरथर कापत. दोघींना मीच हाताला धरून घरी आणलं. त्या दिवशी आमटीत कोथिंबीर नव्हती. जिजी पंगतीत एवढंच म्हणाली, "आज कोथमीर नही. सकाय परत जासूत."

दुसऱ्या दिवशीही कोथिंबीर आली नाही. तिसऱ्या दिवशीचं मला आठवत नाही. पण असं करत करत एक दिवस आली, आणि जिजीने ती सगळ्यांच्या ताटात चिमूट चिमूट प्रसादासारखी वाटली. आषाढापर्यंत वैशाली एकटी बँकेत जाऊन आली, साडीवर खडे चिकटवण्यात तिचा हात सगळ्यांत जलद झाला, आणि पंधरा-वीस माणसांचा स्वयंपाक ती एकटी उरकू लागली. भेस्तानला कुणाच्या तरी खानावळीत तिला कामाला लावायचं, स्वतःची खोली घेऊन द्यायची, असं मंडळात चाललं होतं. श्रावण झाला की.

श्रावण आला आणि कानबाई आली.

खानदेशी घरांत कानबाईचे रोट म्हणजे काय, हे बाहेरच्याला सांगून पटायचं नाही. नागपंचमीनंतरच्या रविवारी देवी बसते. त्याच्या आदल्या दिवशी घरातल्या माणसांच्या नावाने सव्वा-सव्वा मूठ गहू काढायचे. चक्कीवाला चक्की धुऊन पुसून ठेवतो, त्यावर आधी हेच दळण होतं. त्या पिठाच्या पुरणपोळ्या म्हणजे रोट. ते खायचे फक्त घरच्यांनी, भाऊबंदांनी. शेजारी कितीही जिव्हाळ्याचा असो, त्याला खीर देतील, भाजी देतील, रोटाचा तुकडा देणार नाहीत. कुणाकडे पुरुषच मोजतात, कुणाकडे सगळे. आणि लग्न झालेल्या बाईची मूठ तिच्या सासरी. त्यात वाद नाही.

जिजीने या कायद्याला हात घातला होता. घरातल्या प्रत्येक आश्रित बाईची मूठ ती आपल्या रोटात काढायची. का, विचारलं तर म्हणायची, "ज्यासना चुल्हावर हाई जेवस, त्यासनीच हाई." ज्यांच्या चुलीवर जेवते, त्यांचीच ती. यावरून तिची जाऊ शोभावहिनी, नामदेवभाऊची बायको, पहिल्या वर्षी रुसून बसली होती. आमच्या कुळात कुणाच्याही बायका घुसवता म्हणून. पण शोभावहिनीचा राग दुधासारखा, लगेच वर यायचा आणि लगेच बसायचा. दुसऱ्या वर्षापासून तीच सूप घेऊन पुढे.

त्या शनिवारी सकाळी मी तिथं होते. जिजी न्हाऊन, ओल्या केसांनी पाटावर बसलेली. भोवती शोभावहिनी आणि मंडळाच्या चार-पाच बायका. जिजीने पहिली मूठ सुपात सोडली. "हाई मूठ कोनी?" बायकांनी विचारलं. "हाई मूठ कानबाईनी." दुसरी, "नामदेवनी." तिसरी, "शोभानी." अशी नावं घेत घेत ती घरातल्या बायकांवर आली. इथं मात्र ती क्षणभर अडखळली. मी बघत होते. मग तिने खरं नाव घेतलं. सासरच्या आडनावासकट, खणखणीत; ते आडनाव मी इथं लिहीत नाही. "हाई मूठ वैशालीनी."

बाहेर चिखलाच्या चपला मांडणारी, दहा बायकांची एक पुष्पा करणारी जिजी देवीपुढे खोटं नाव घेऊ शकली नाही. आधीच्या वर्षीही तिने खरीच नावं घेतली होती. पण त्या बायकांची सासरं लांबची, कुणी भुसावळकडची, कुणी नागपूरची. लिंबायतमधली ही पहिली.

शोभावहिनीच्या मनात पाप नव्हतं. तिची बहीण लिंबायतला. दुपारी फोनवर बोलताना ती कौतुकानेच म्हणाली, आमच्या जिजीने परक्याच्या पोरीची मूठ घातली माय, एवढं कोण करतं, आणि पोरगी तुमच्याच बाजूची. नाव सांगितलं. बहिणीने ते तितक्याच कौतुकाने शेजारणीला सांगितलं. कौतुक पायी चाललं असतं तरी रविवारी दुपारपर्यंत पोचलं असतं.

रविवारी देवी बसली होती. नारळाला डोळे, नथ, हिरवी साडी, कपाळभर कुंकू. दार सताड उघडं, कारण कानबाईच्या दिवशी मंडळाचं दार लावत नाहीत. दर्शनाला माणसांची ये-जा चाललेली. मी खीर वाढत होते. एक माणूस आला, पांढरा शुभ्र शर्ट, केस नीट विंचरलेले, हातात नारळ आणि खण. सोबत एक म्हातारी. त्याने देवीपुढे डोकं टेकलं, नारळ ठेवला आणि भिंतीशी मांडी घालून बसला. मी त्याला खिरीची वाटी दिली. "उपकार झाले, ताई," तो म्हणाला. इतका गोड आवाज. मी पुढे गेले आणि पाहिलं तर आतल्या खोलीच्या चौकटीत वैशाली उभी होती आणि तिच्या हातातल्या पातेल्यातून खीर जमिनीवर सांडत होती. तिला ते कळत नव्हतं.

तो कोण, ते मला कळलं. जिजीने एकदा तिच्याकडे पाहिलं, एकदा त्या माणसाकडे, आणि तीही समजली.

तो ओरडला नाही. ओरडला असता तर बरं झालं असतं, नामदेवभाऊंनी कॉलर धरली असती. तो उठून मंडळाच्या जाणत्या माणसांपुढे हात जोडून उभा राहिला. "मी भांडायला आलो नाही. कोर्टाचं कोर्टात बघू. पण आज कानबाई आहे. आमच्या घरी रोट झालेत, त्यात हिची मूठ आहे. आमच्या घरची सून परक्याचे रोट खाणार, हे तुमच्यात चालतं का? एक दिवस पाठवा. रोट खाईल, उद्या मी स्वतः आणून सोडीन." म्हातारीने पदर डोळ्यांना लावला आणि जिजीच्या पायाशी बसली. "मनी लक्ष्मी दी टाक व माय, एकच दिवस."

आणि मला खरी भीती वाटली ती यानंतर. कारण जी माणसं वर्षभर डाळ-तांदूळ आणून टाकत होती, तीच आता एकमेकांकडे बघू लागली. एक काका म्हणाले, "तसं बोलतो ते रीतीला धरून आहे." दुसरे म्हणाले, "एक दिवसाचाच प्रश्न आहे, दोन माणसं सोबत पाठवू." नामदेवभाऊंसारखा माणूस खाली बघत होता. इतके महिने पोरीला कोर्टापासून, पोलिसांपासून, बापापासून सांभाळलं, आणि आता देवीच्या नावाने आम्हीच तिला रिक्षात बसवून देणार होतो. कुणीही वाईट नव्हतं. सगळं रीतीला धरून होतं. वैशाली चौकटीला धरून उभी होती आणि तिच्या पाठीवर पदराआड तो इस्त्रीचा कोपरा होता, हे त्या खोलीत आम्हा मोजक्या बायकांनाच माहीत होतं.

जिजी उभी राहिली. तिचे पाय एवढे कापत होते की तिने माझा दंड धरला. ते बोटांचे वळ मला संध्याकाळपर्यंत दिसत होते. मला वाटलं, आता ही काहीतरी खणखणीत बोलेल. ती जे बोलली ते रडक्या, फाटक्या आवाजात.

"माले भ्याव वाटस," ती म्हणाली. "मना हात पाय गळी ग्यात. हाऊ माणूस इतला गोड बोलस, त्यानंच माले भ्याव वाटस. ती गयी ते परत येवाव नही. माले रीत समजत नही, माले फक्त भ्याव समजस." मग ती वैशालीकडे वळली. "पोरी, तुले काय वाटस?"

वैशाली नवऱ्याकडे बघत होती आणि तो तिच्याकडे बघून किंचित हसत होता. मग ती चालत देवीपुढे आली. नैवेद्याच्या ताटातला रोट तिने उचलला, तुकडा मोडला आणि तोंडात घातला. घास गिळेना. ती चावत राहिली, डोळ्यांतून पाणी, घशाशी हात. शोभावहिनी धावली आणि तिच्या तोंडाला पाण्याचा तांब्या लावला. सगळ्या खोलीसमोर पोरीने तो घास खाली ढकलला. आमच्याकडे काही शपथा कागदावर होत नाहीत. ती आता जिजीच्या घरची होती आणि हे तिथला प्रत्येक माणूस समजला. मघाचे रीतवाले काका उठले आणि म्हणाले, "झालं. आता बोलणं संपलं."

तो माणूस तरीही ओरडला नाही. त्याने देवीला नमस्कार केला, आईला उठवलं, दारात थांबून चपला घातल्या. तिथल्या त्या दुसऱ्या थोराड चपलांकडे पाहिलं आणि पायाने त्या हळूच गटारीत सरकवल्या. "घर बघून ठेवलं," म्हणाला, आणि गेला.

तो गेल्यावर शोभावहिनी सगळं सांगून मोकळी झाली आणि भिंतीवर डोकं आपटून घेऊ लागली. जिजीने तिचं डोकं धरलं. "तुनी नही, मनी चूक व्हयनी. पन देवीना म्होरे खोटं कसं बोलू, तूच सांग."

पत्ता फुटला म्हणजे घर संपलं. संध्याकाळपर्यंत नामदेवभाऊंनी बाकीच्या बायकांना एकेक करून ठिकठिकाणी पोचवलं, कुणाला मंडळाच्याच लोकांच्या घरी, कुणाला वकीलबाईंच्या ओळखीने. वैशालीचं काय, ते कुणी बोलेना. गल्लीच्या तोंडाशी, भाजीच्या गाडीपाशी, दोन मोटरसायकली उभ्या होत्या आणि त्यांवर चौघं जण पान खात बसले होते. चौकीत फोन केला, तर सणाचा बंदोबस्त आहे, माणूस पाठवतो म्हणाले. मी घरी येऊन दाराला कडी लावली. माझा नवरा म्हणाला, "तुला कोण काय करतंय?" तरी मी पलंग ओढून दाराला लावला.

सोमवारी सकाळी विसर्जन. सबंध बमरोली रस्त्यावर. ढोल, गुलाल, डोक्यावर कानबाई घेतलेल्या बायका, आणि त्यांच्या मागून गाणी म्हणत चाललेल्या शेकडो जणी. मंडळाची देवी जिजीच्या डोक्यावर होती. त्या दिवशी मंडळाच्या झाडून सगळ्या बायका हिरव्या साडीत आणि नाकापर्यंत पदर ओढून आलेल्या. कुणी ठरवलं, कधी निरोप गेले, मला कळलं नाही. मलाही शोभावहिनीने सकाळीच हिरवी साडी आणून दिली होती. त्या चौघांनी मोटरसायकली ढकलत आमच्या बाजूने चालायला सुरुवात केली. ते प्रत्येकीच्या पदराखाली वाकून बघत होते. एक जण माझ्या तोंडाशी वाकला. मी डोळे मिटून गाणं म्हणत राहिले. मला ते गाणं येत नव्हतं.

टेम्पोत बसून आम्ही तापीच्या ओवाऱ्यावर, म्हणजे घाटावर, उतरलो. पायऱ्यांवर पाय ठेवायला जागा नाही. जिजीने पाण्याच्या कडेला देवी डोक्यावरून उतरवून शोभावहिनीच्या हातात दिली. मग ती माझ्याजवळून गेली, जाता जाता थांबली. "कोठे जासूत ते तुले सांगाव नही, मास्तरीन. माहीत नही ऱ्हायनं ते तुले खोटं बोलनं पडाव नही." ठाऊकच नसलं तर खोटं बोलावं लागणार नाही. तिच्यामागे एक हिरवी साडी होती. मी पदराखालचं तोंड पाहिलं नाही. मुद्दामच पाहिलं नाही. शोभावहिनी कमरेइतक्या पाण्यात देवी धरून उभी होती आणि मोठमोठ्याने रडत होती, आणि सगळ्यांना वाटलं की ती देवीसाठी रडतेय.

त्या दोन खोल्यांत आता पुन्हा पातेली आणि सतरंज्या आहेत. बायकांचं घर मंडळाने दुसरीकडे सुरू केलं. कुठे, ते मी इथं लिहिणार नाही. ते शोभावहिनी बघते. तिची बडबड पार थांबली आहे. बहिणीचा फोन आला तरी ती हवापाण्याचंच बोलते. जिजीचा मात्र निरोप नाही, पत्ता नाही. तो माणूस अधूनमधून आमच्या गल्लीत दिसायचा. एकदा शाळेच्या फाटकाशी उभा होता. "ताई, त्या दिवशीची खीर फार छान होती," म्हणाला. मी महिनाभर रिक्षाने शाळेत गेले.

बरेच दिवस उलटल्यावर आमचं शिक्षकांचं प्रशिक्षण हजीऱ्याच्या बाजूला निघालं. मी आणि आमच्या शाळेतले नवे मुकेशभाई त्यांच्या स्कूटरवर गेलो. दुपारी भूक लागली. त्या रस्त्याला कंपन्यांतल्या कामगारांसाठी पत्र्याच्या खानावळी ओळीने आहेत. मुकेशभाईंनी जिथं गर्दी दिसली तिथं स्कूटर लावली.

दारात एक म्हातारी तांदूळ निवडत बसली होती. पदर गुजराती पद्धतीने उजव्या खांद्यावरून पुढे घेतलेला, नाकात काही नाही. सुपावरचे हात थरथरत होते.

माझ्या तोंडातून "जि" एवढं निघालंही असेल. तिने मान वर केली. माझ्याकडे पाहिलं, मग माझ्या शेजारच्या अनोळखी पुरुषाकडे. तिचा चेहरा पांढरा पडत गेला.

"कोनुं काम छे, बेन?" तिने गुजरातीत विचारलं, कुणाकडे काम आहे म्हणून.

"जेवायचं होतं," मी कशीबशी म्हणाले.

तिने हाताने आतला बाक दाखवला आणि पुन्हा सुपात बघू लागली. आतून एका बाईचा दणदणीत आवाज आला, "ओ भाई, लाइन से! पोळ्या येऊन राहिल्यात, कुणी उपाशी नाही जाणार!" दहा-पंधरा बाप्ये मुकाट्याने ओळीत सरकले. मी तो आवाज ओळखला नाही, कारण तो मी कधी ऐकलाच नव्हता. माणूस ओळखलं. वैशाली अंगाने भरली होती. गरम पोळ्यांची चळत घेऊन ती आमच्या बाकाशी आली, मला बघून तिचा हात हवेतच थांबला. मग तिने मुकेशभाईंना दोन पोळ्या वाढल्या आणि मला तीन, आणि पुढच्या बाकाकडे गेली.

मी जेवले. निघताना हात धुवायला जिजीनेच पाणी घातलं. तांब्या कापत होता, अर्धं पाणी माझ्या पायावर. मला खूप काही विचारायचं होतं, तिचा हात धरायचा होता. तिने माझ्याकडे पाहिलं नाही. ती माझ्या खांद्यावरून रस्त्याकडे बघत होती, आमच्या मागून आणखी कुणी येतंय का ते.

स्कूटर सुरू करताना मुकेशभाई ढेकर देऊन म्हणाले, "काय जेवण होतं, बेन! उद्याही इथंच येऊ, आपल्या सगळ्या स्टाफला घेऊन."

"नको," मी म्हणाले. "पोळ्या कच्च्या होत्या."